सहावं काडतूस

ऑरिन स्टब्ज मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणायचं, थर्झाबाईनं आपल्या माणसाची बाजू घेतली. माझा कसला आलाय तो माणूस! नदीच्या उतारापाशी माझी ही खाणावळ आहे, नवरा गेल्यापासून एकटी चालवते. येणारा-जाणारा प्रत्येक जण इथं जेवतो आणि निघताना निदान "मावशी, येतो" एवढं म्हणतो. ऑरिन यायचा, कोपऱ्यातल्या टेबलाशी भिंतीला पाठ लावून बसायचा, बीन्स आणि खारवलेलं डुकराचं मांस मुकाट्यानं गिळायचा, आणि उठून चालता व्हायचा. दाराशी बूट झाडावेत हे त्याला तेव्हा कळत नव्हतं आणि आजही कळत नाही.

त्याचं रान वर टेकडीच्या कुशीत. जमीन बेताची, गुरं बेताची, पण झरा असा की भर ऑगस्टातही आटत नाही. खालचं लांबलचक रान ल्यूट ब्रॅनिकचं. ल्यूटची गुरं मोजायला बसलात तर तिथंच झोप लागेल, आणि उन्हाळा तापला की त्या सगळ्या गुरांना वरचा तोच झरा लागायचा. ऑरिननं त्या वर्षी झऱ्याला काटेरी तारेचं कुंपण घातलं. जमीन त्याच्या नावावर, झरा त्याचा. कायद्यानं बघितलं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. पण मोकळ्या रानात वाढलेल्या माणसांना तार दिसली की त्यांचं डोकं फिरतं.

भांडण माझ्याच खाणावळीत झालं. ल्यूट मोठा मोकळाढाकळा गडी, हसरा, बोलघेवडा, सगळ्यांचा लाडका. सगळ्यांसमोर म्हणाला, "ऑरिन, तुझ्या त्या तारेवर मी बायकोचे परकर वाळत घालणार आहे बघ. चांगली ताणलीयस!"

सगळी खाणावळ हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. ऑरिन हसला नाही. त्यानं चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "फाटकाला हात लावलास तर परत जायचा नाहीस."

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या एका वाक्यानं पुढं त्याच्या गळ्याभोवती दोर आणला.

कारण दुसऱ्याच आठवड्यात भर दुपारी ऑरिनची गाडी दारात येऊन थांबली, आणि मागं ताडपत्रीखाली ल्यूट होता. मेलेला. त्याची घोडी गाडीला बांधलेली.

"फाटकापाशी पडला होता," ऑरिन म्हणाला. "मी घरात होतो. बार ऐकला. गेलो तोवर संपलं होतं."

एवढंच. पुढं अक्षर नाही. अरे बाबा, माणूस मेलाय, काही हळहळशील की नाही? नाही. मान खाली घालून घोड्यांना पाणी दाखवायला लागला. त्याला वेगळं वागता येत नाही हे मला ठाऊक होतं, पण बघणाऱ्यांना काय दिसलं असेल ते सांगायला नको.

ल्यूटचा मुकादम कॅस हॉबडे तेव्हा माझ्याकडेच जेवत होता. तो धावत बाहेर आला, ताडपत्री वर केली, आणि पुढच्या क्षणाला ऑरिनची गचांडी त्याच्या हातात होती. "बोलून दाखवलंस आणि करूनही दाखवलंस, नाही का रे?" कॅस ल्यूटसाठी जीव टाकायचा. लहानपणी अनाथ होता, ल्यूटच्या बापानं त्याला सांभाळलेला. त्याचे डोळे भरून आले होते.

मग गिडियन पेल आला. पेल दुकान चालवतो, आणि गावचा न्यायही तोच करतो, कारण कायद्याचं पुस्तक गावात त्याच्या एकट्याकडे आहे. खरा न्यायाधीश वर्षातून एकदाच, बर्फ वितळल्यावर येतो आणि शेरीफ पार डोंगरापलीकडे. पेल म्हणाला, उद्या सकाळी थर्झाच्या खाणावळीत बसू आणि ठरवू की ह्याला पुढच्या वसंतापर्यंत कोंडायचा की सोडायचा. कॅसची माणसं वसंतापर्यंत थांबणार नव्हती हे पेललाही माहीत होतं. त्यांनी ऑरिनला माझ्या घोडशाळेत बांधला आणि दोघं पहाऱ्याला बसली. एकाच्या मांडीवर दोर होता.

ल्यूटचं पिस्तूल ऑरिननंच आणून दिलं होतं, प्रेताशेजारी पडलेलं मिळालं म्हणून. कॅसनं ते सगळ्यांसमोर उघडलं. पाच काडतुसं भरलेली, सहावं उडालेलं. ते बघून माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागली. पिस्तुलाला घरं सहा असली तरी आमच्याकडे माणूस पाचच भरतो. सहावं मोकळं ठेवतो आणि ठोका देणारी हातोडी त्या मोकळ्या घरावर टेकवतो. इथं घोड्यावर चढा, उतरा, वासरं पाडा, तारा ताणा, कमरेला धक्का बसल्याशिवाय दिवस जात नाही, आणि हातोडीखाली काडतूस असेल तर ते धक्क्यानंही उडतं. मुलं दूध प्यायला शिकतात तशी इकडची माणसं हे शिकतात. सहाच्या सहा भरायची ती फक्त समोर मारामारी ठरलेली असेल तेव्हा.

"बघा," कॅस म्हणाला. "ल्यूटनं सहा भरली होती. म्हणजे त्याला कळलं होतं की हा मारायला बसलाय. ल्यूटची चुकली, ह्याची लागली."

"बार एकच झाला," ऑरिन घोडशाळेच्या दारातून म्हणाला.

"दोन एकदम झाले की एकच ऐकू येतो!"

ऑरिनचं पिस्तूल तपासलं तर त्यात पाच काडतुसं जिथल्या तिथं आणि नळी स्वच्छ. कॅस म्हणाला, पुसून भरायला त्याला कुणी अडवलं होतं? ल्यूटला लागलेली गोळी पाठीतून निघून रानात कुठंतरी गेलेली, ती आता कोण शोधणार. पेलनं हळूच विचारून पाहिलं, "पिस्तूल पडून उडालं नसेल ना?"

"ल्यूटच्या हातून?" कॅस त्याच्या अंगावरच गेला. "दात यायच्या आधीपासून त्याच्या कमरेला पिस्तूल आहे. सहा भरलेली असताना तो अंड्यासारखं जपेल त्याला. त्याला माहीत नसतं तर गोष्ट वेगळी."

 

प्रेतं धुवायचं काम आमच्या वस्तीत माझ्याकडे असतं. मागच्या खोलीत टेबलावर ल्यूटला ठेवला आणि पाणी तापवलं. तेवढ्यात त्याची बायको आली. ॲडलीन. फिलाडेल्फियाची मुलगी, वसंतात लग्न होऊन आलेली. हातमोजे घालून अंडी गोळा करायची, म्हणून गडीमाणसं हसायची तिला. पण ल्यूटवर तिचा जीव असा की तो दिसेनासा होईपर्यंत दारात उभी राहायची. मी म्हटलं, पोरी, तू बाहेर बस. ती म्हणाली, "नाही मावशी, मी धुणार." आणि बाह्या दुमडल्या.

गोळी बेंबीच्या वर लागली होती आणि वर खांद्यामागून निघाली होती. सदरा बंदुकीच्या दारूनं करपलेला. म्हणजे जवळून झाडलेली आणि खालून वर गेलेली. समोर उभ्या माणसाची गोळी अशी जात नाही, एवढं मलाही दिसत होतं. पण ल्यूट घोडीवर आणि ऑरिन खाली असं असेल तर जाते. 

ॲडलीन ल्यूटचे हात धूत होती. एकेक बोट. मग ती बोलायला लागली, माझ्याशी नाही, आपली आपल्याशीच.

"निदान एक तरी गोळी झाडता आली त्याला, मावशी. निदान तेवढं तरी मी केलं."

"तू काय केलंस?"

"सकाळी तो घोडीवर खोगीर चढवत होता. पिस्तूल टेबलावर होतं. मी बघितलं तर एक काडतूस भरायचं राहिलेलं. असाच आहे तो, सदऱ्याची गुंडी लावायची विसरतो, टोपी विसरतो." तिला 'होता' म्हणायचं सुचत नव्हतं. "आणि जायचं होतं त्या माणसाच्या दारात! त्यानं कसली धमकी दिली होती सगळ्यांसमोर, तुम्हीच सांगितलंत ना मला. म्हणून मी पट्ट्यातलं एक काढलं आणि भरलं. कसं भरतात ते बघून ठेवलं होतं मी. त्याला सांगितलं नाही. म्हटलं, हसेल मला."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. सगळं एकदम दिसलं मला. झऱ्याचं फाटक म्हणजे तारेचंच, खांबाला मिठी मारून खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. ल्यूट उतरला असणार, वाकला असणार, पिस्तूल चामड्यातून घसरलं असणार आणि हातोडीवर पडलं असणार खालच्या दगडावर. त्याचं काय, त्याच्या लेखी ते घर मोकळं होतं.

 ती पोर माझ्याकडे बघत होती, चांगलं केलं असं मी म्हणावं म्हणून. मी म्हटलं, "पाणी गार झालं, दुसरं आणते," आणि स्वयंपाकघरात जाऊन चुलीला धरून उभी राहिले.

आता सांगा, काय करायचं? गप्प बसले तर एक माणूस फुकट लटकणार. बोलले तर ह्या मुलीला कळणार की नवऱ्याला आपल्याच हातानं मारला, आणि तेही मायेनं. एका बाजूला न आवडणारा माणूस, दुसऱ्या बाजूला लेकीसारखी पोर. ऑरिनबद्दल माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही. तेवढा काही मी देवमाणूस नाही.

सकाळी खाणावळ गच्च भरली. चिखल तर असा आणला होता मेल्यांनी की दोन दिवस घासत होते. पेलनं पुस्तक समोर ठेवलं, उघडलं नाही. कॅसनं सगळं पुन्हा सांगितलं: धमकी, कुंपण, सहा काडतुसं. दारात त्याची माणसं उभी होती आणि दोर आता उघड उघड खांद्यावर होता. ॲडलीन पुढं बसली होती, काळ्या कपड्यांत, ताठ. ती ऑरिनकडे अशी बघत होती की मलाच तिच्या नजरेची भीती वाटली.

पेलनं विचारलं, "ऑरिन, काही म्हणायचंय?"

"बार एकच झाला."

"आणखी?"

"आणखी काय?"

धन्य आहे बाबा! स्वतःच्या जिवासाठीही ह्याला दोन शब्द जड. दाराशी कुणीतरी म्हणालं, "चला मग," आणि बाकं मागं सरकायला लागली. ऑरिननं फक्त एकदा खिडकीतून टेकडीकडे बघितलं. त्याचा चेहरा मी कधी नीट पाहिलाच नव्हता. भेदरला होता बिचारा. सगळी माणसं भेदरतात तसाच.

मी पुढं झाले. "एक विचारायचंय मला."

"मावशी, कॉफी नंतर," कॅस म्हणाला.

"गप रे. माझ्या घरात मला गप्प करतोस?" मग मी ॲडलीनकडे वळले.  "पोरी, काल मला सांगितलंस ते ह्यांना सांग. ल्यूटच्या पिस्तुलात सहावं काडतूस कुणी घातलं?"

ती उभी राहिली. मान वर करून म्हणाली, "मी घातलं. त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं."

 माणसांनी टोप्या काढल्या. कुणी जमिनीकडे बघतोय, कुणी छताकडे. तिच्याकडे बघायची एकाचीही छाती होईना. कॅसच्या तोंडावरचा रंगच उडाला. आदल्या दिवशी "त्याला माहीत नसतं तर" असं तोच बोलला होता. तो दाराशी गेला, त्या माणसाच्या खांद्यावरचा दोर काढला, आणि गुंडाळत गुंडाळत बाहेर निघून गेला.

"काय झालं?" ॲडलीननं विचारलं. "सगळे असे गप्प का? मी काही चुकीचं बोलले का?"

 मी एप्रनशी चाळा करत उभी. शब्द कुठून आणायचे? आणि तेव्हा तो घुम्या बोलला. बांधलेल्या हातांनी उभा राहून बोलला.

"फाटक माझं होतं, बाई. तार मी फार ताठ ओढली होती. ते उघडताना पिस्तूल पडलं असणार आणि उडालं. चूक माझ्या फाटकाची."

पेलनं लगेच शब्द उचलला. "अपघात. फाटक ताठ होतं. ऑरिन, तार सैल कर. उठा सगळे."

ॲडलीनला क्षणभर कळेना. मग तिच्या डोळ्यांत अंगार उतरला. "तुम्ही ह्याला वाचवताय! सगळे मिळून! माझ्या नवऱ्याला मारणाऱ्याला घाबरलात तुम्ही!" ती ऑरिनसमोर गेली आणि त्याच्या तोंडावर थुंकली. त्यानं मानसुद्धा वळवली नाही, ती बाहेर जाईपर्यंत.

त्यानंतर कुणी काही ठरवलं नाही, शपथ घातली नाही. पण त्या सहाव्या काडतुसाबद्दल आख्खी वस्ती मूग गिळून बसली. दारू पिऊनही कुणाच्या तोंडून ते निघालं नाही. ॲडलीन मात्र बोलायची. प्रार्थनेनंतर, दुकानात, माझ्या टेबलाशी, ऑरिन दिसला की "खुनी" म्हणायची. मोठ्यानं. तो टोपीला हात लावायचा आणि बाजूनं निघून जायचा. तार त्यानं खरोखरच सैल केली, इतकी की कोंबडीनं धक्का दिला तर फाटक उघडेल. ऑगस्टात ल्यूटच्या गुरांसाठी ते उघडंच ठेवलं. एकदा न राहवून मी म्हटलं, "अरे, सांगून टाक की तिला! किती ऐकून घेशील?" तर म्हणाला, "मला शिव्या देते म्हणून तर ती जेवते." आणि बूट न झाडता निघून गेला.

पानगळीत तिनं गुरं विकली आणि माहेरी जायचं ठरवलं. टपालगाडी माझ्या दारातूनच सुटते. मी तिच्यासाठी बिस्किटं आणि सुक्या सफरचंदांचा केक बांधून दिला. ऑरिन आत कोपऱ्यात जेवत होता. ती त्याच्याकडे पाठ करून बाहेर पायरीवर उभी होती. गाडीचा पहारेकरी नवा होता, कुठल्या दुसऱ्या मार्गावरून आलेला, बडबड्या. पायरीवर बसून पिस्तूल भरत होता.

ॲडलीन बघत होती. म्हणाली, "तुमचं एक घर राहिलं."

मी हाक मारली, "अहो पहारेकरी, जरा इकडं या!" पण तो कसला ऐकतोय. बाई आपणहून बोलली म्हणून खूश झाला होता.

"राहिलं नाही बाईसाहेब, ठेवलंय! सहावं भरतो तो स्वतःच्याच गोळीनं जातो. हातातून पडलं, हातोडी दगडावर आपटली, की झालं. आमच्यात म्हणतात ना, पाच दुश्मनाला, सहावं स्वतःला." आणि हसला.

ती हसली नाही, रडली नाही. पिस्तुलाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हो गं पोरी."

"त्याला?"

"त्यालाही."

गाडीवान ओरडला, चढा म्हणून. तिनं पायरीचा कठडा धरला होता तो सोडला आणि ती आत आली. सरळ कोपऱ्यातल्या टेबलाशी गेली. ऑरिन उठायला लागला, निघून जायला, नेहमीसारखा. तिनं हातानं त्याला थांबवलं. 

तो बशीकडे बघत म्हणाला, "फाटक ताठ होतं, बाई."

"नाही," ॲडलीन म्हणाली. "काडतूस माझं होतं."

आणि ती त्याच्यासमोर बाकावर बसली. बाहेर गाडी निघून गेली. मी तिच्यासाठी एक बशी नेऊन ठेवली.